नवशिका आणि त्याची मार्गदर्शिका

कोणतेंही नवें साधन जगांत येतें तेव्हां त्याच्या मागोमाग आणखी एक वस्तु यावी लागते. ती म्हणजे तें साधन कसें वापरावें हें सांगणारा मजकूर. साधन निर्माण करणाराचें नांव इतिहासांत राहतें, हा मजकूर लिहिणाराचें बहुधा राहत नाहीं. तथापि तें साधन सामान्य माणसांच्या हातीं खरोखर पोंचलें कीं नाहीं, हें पुष्कळदां ह्या निनांवी मजकुरावरच अवलंबून असतें. ई-मेल हें असेंच एक साधन होय. तें कोणीं व केव्हां निर्माण केलें हें कोणत्याही संगणकविषयक पुस्तकांत सांपडतें. परंतु ज्यानें जन्मांत संगणकास हात लावलेला नाहीं अशा मनुष्यास पत्र पाठवावयास शिकवावें कसें, हा प्रश्न कोणीं हातीं घेतला आणि कोणत्या वाटेनें सोडवीत नेला, ही हकीकत क्वचितच कोणी सांगतो. ती येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय वरकरणी क्षुल्लक दिसेल; परंतु त्याच्या पोटीं एक न्यायाचा प्रश्न दडलेला आहे. शिकणारा अडला तर दोष कोणाचा, शिकणाराचा कीं शिकविणाराचा?

१९७१ सालच्या अखेरीस अमेरिकेंतील केंब्रिज येथें, बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ह्या संस्थेंत काम करणारे अभियंते रे टॉमलिन्सन ह्यांनीं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठवून पाहिला. दोन्ही यंत्रें शेजारीं शेजारीं उभीं होतीं. परंतु त्यांना जोडणारा मार्ग आर्पानेट ह्या जाळ्याचाच होता. पहिल्या निरोपांत काय लिहिलें होतें हें पुढें खुद्द टॉमलिन्सन ह्यांनाही आठवेना; कळफलकावरील ओळींतलीं अक्षरें सहज दाबलीं असावींत, असें ते सांगत. परंतु प्रयोग साधल्यावर त्यांनीं आपल्या सहकाऱ्यांस जो निरोप धाडला तो मात्र लक्षांत ठेवण्याजोगा आहे. जाळ्यावरून आतां पत्र पाठवितां येतें, आणि पाठवितांना माणसाचें नांव व त्याच्या यंत्राचें नांव ह्यांच्या मध्यें ‘ॲट’ हें चिन्ह घालावें, असें त्यांत सांगितलें होतें. म्हणजे जाळ्यावरून गेलेलें पहिलें अर्थपूर्ण पत्र हीच ई-मेल वापरण्याची पहिली मार्गदर्शिका ठरली! तिचा लेखक आणि तिचे वाचक एकाच धंद्यांतले, एकाच भाषेंत विचार करणारे होते; म्हणून तिला योजनेची गरज नव्हती व परीक्षेचीही नव्हती. अडचण पुढें यावयाची होती.

त्याच वर्षीं, ३ नोव्हेंबर १९७१ ह्या तारखेचें आणखी एक पुस्तक न्यू जर्सींतील बेल प्रयोगशाळेंत तयार झालें. केन टॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनीं आपल्या युनिक्स ह्या नव्या व्यवस्थेची ती पहिली सूचनापुस्तिका लिहिली. तिच्यांत आज्ञा वर्णानुक्रमानें दिल्या होत्या, व त्यांत पत्र पाठविण्याची ‘मेल’ ही आज्ञाही होती. पुस्तिका संक्षिप्त आणि प्रामाणिक होती. आज्ञेंतील उणिवा सांगण्यासाठीं तिच्यांत स्वतंत्र मथळा असे, आणि आपल्या मालाचे दोष आपणच छापणारे ग्रंथकर्ते विरळाच! परंतु ती पुस्तिका एका जातीचा कोश होती. ज्याला शब्द ठाऊक आहे त्याला अर्थ सांपडावा, अशी तिची रचना. मोल्सवर्थसाहेबांचा कोश केवढाही थोर असला तरी त्यावरून कोणी मराठी बोलावयास शिकलेला नाहीं. ‘मला पत्र पाठवावयाचें आहे’ एवढेंच ज्याला ठाऊक, त्यानें कोणतें अक्षर उघडावें?

जोंपर्यंत वापरणारे स्वतःच जाणते होते तोंपर्यंत हें चाललें. जाणत्यांनीं साधनही सुधारून घेतलें. १९७२ सालीं लॅरी रॉबर्ट्स ह्यांनीं आलेल्या पत्रांची यादी पाहून हवें तें निवडून वाचण्याची सोय केली. १९७५ च्या सुमारास जॉन व्हिटल ह्यांच्या ‘एमएसजी’ ह्या आज्ञावलींत, आलेल्या पत्राला पत्ता पुन्हां न लिहितां उत्तर देण्याची आज्ञा आली. ही दुसरी सोय वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें काम आम्हांस शेवटीं पडणार आहे. पुढें संगणक प्रयोगशाळेंतून कचेरींत आला आणि कारकून, टंकलेखक, अध्यापक त्याच्यापुढें बसूं लागले, तेव्हां मात्र कोशाच्या धर्तीचीं पुस्तकें उघडीं पडलीं. १९८१ सालीं कॅलिफोर्नियांतील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन ह्यांनीं ‘डेटामेशन’ मासिकांत युनिक्सवर कडक टीका केली. आज्ञांचीं नांवें कामावरून सुचत नाहींत, यंत्र आपण काय केलें हें बोलत नाहीं, आणि चूक होईल तेथें वापरणारास सांवरून घेत नाहीं, असा तिचा सारांश होता. जाणत्यांपैकीं पुष्कळांना ती टीका रुचली नाहीं. आपल्याकडील ‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण त्यांना ठाऊक असती तर त्यांनीं तीच नवशिक्यांच्या तोंडावर फेकली असती.

ह्यावर व्यापारी कंपन्यांनीं काढलेला पहिला उपाय म्हणजे मोठीं पुस्तकें. कोश अपुरा पडतो ना, मग सगळेंच क्रमानें सांगूं: आरंभीं यंत्राची ओळख, मग पुस्तकाची ओळख, मग प्रत्येक कळेचें वर्णन, प्रकरणाच्या शेवटीं सारांश व सराव. ह्या पद्धतीच्या मुळाशीं एक जुनी समजूत आहे. १६४७ सालीं न्यूरेंबर्ग येथील गेओर्ग फिलिप हार्सडोर्फर ह्या कवीनें जर्मन काव्यरचना सहा तासांत वाचकाच्या डोक्यांत ओतून देणारें ‘काव्याचें नरसाळें’ ह्या अर्थाच्या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढें ‘न्यूरेंबर्गचें नरसाळें’ हा जर्मन भाषेंत वाक्प्रचारच होऊन बसला. डोकें म्हणजे रिकामा घडा. वरून नीट ओतलें कीं ज्ञान आंत साठतें. आमच्या जुन्या पंतोजींच्या शाळेवर पाठांतराचा आरोप होतो. पण तेथेंही मुलाच्या हातून धुळाक्षरें गिरवून घेत, नुसतें ओतीत नसत. कंपन्यांच्या पुस्तकांना तेवढेंही भान नव्हतें.

हें नरसाळें फोडण्याचें काम जॉन कॅरोल ह्यांनीं केलें. न्यूयॉर्क राज्यांतील यॉर्कटाउन हाइट्स येथील आयबीएमच्या संशोधन केंद्रांत १९८० नंतरच्या वर्षांत त्यांनीं व रॉबर्ट मॅक, क्लेटन लुइस इत्यादि सहकाऱ्यांनीं एक साधी गोष्ट केली. कचेरीच्या कामांत मुरलेल्या परंतु संगणकास नवख्या माणसांना त्यांनीं यंत्रापुढें बसविलें, कंपनीची छापील पुस्तिका हातीं दिली, मनांत येईल तें मोठ्यानें बोलत राहा म्हणून सांगितलें, आणि आपण गप्प बसून टिपणें घेतलीं. यंत्र लेखनाचें होतें, पत्रव्यवहाराचें नव्हतें. परंतु तेथें जें दिसलें तें ई-मेलच्या नवशिक्यालाही तंतोतंत लागू पडतें.

दिसलें तें असें. माणसें पुस्तक पहिल्या पानापासून वाचीतच नाहींत. त्यांना काम करावयाचें असतें. म्हणून तीं पानें उलटतात, मध्येंच कांहीं तरी करून पाहतात, आणि अडलीं म्हणजे पुन्हां पुस्तकांत शिरतात. ‘पुढें आपण अमुक शिकणार आहों’ असें पुस्तकानें नुसतें सूचित केलें तरी कांहींजण तें लागलीच करावयास धांवतात. एक चूक झाली कीं ती निस्तरण्यासाठीं दुसरी, तिच्या पोटीं तिसरी. आणि पुस्तक मात्र आपलें पुढचें पाऊल शांतपणें सांगत असतें, कारण वाचकाची चूक होईल ही कल्पनाच त्याच्या लेखकास शिवलेली नसते. कॅरोल ह्यांचा निष्कर्ष असा, कीं हीं माणसें आळशी नव्हेत व मंदही नव्हेत. तीं शिकण्यांत इतकीं गढलेलीं असतात कीं वाचावयास त्यांना सवड नसते.

ह्या निरीक्षणावरून त्यांनीं जी पुस्तिका रचली तिला त्यांनीं ‘किमान पुस्तिका’ असें म्हटलें. तिची योजना पाहण्यासारखी आहे. प्रस्तावना, सारांश व उजळणी हीं गेलीं. पहिल्या कांहीं पानांतच वाचकाच्या हातून खरें काम व्हावें, प्रकरणें कोणत्याही क्रमानें घेतां यावींत, नेहमींची चूक जेथें होते तेथेंच ती ओळखण्याची व दुरुस्त करण्याची युक्ति द्यावी, आणि जें वाचक स्वतः करून शोधूं शकेल तें मुद्दाम सांगूं नये, असे तिचे नियम. चुका ह्या पूर्वीं पुस्तकाबाहेरच्या अपघाताप्रमाणें होत्या. त्या आतां पुस्तकाचा विषय झाल्या. मसुदा तयार झाला कीं नव्या माणसांपुढें ठेवावा, तीं जेथें अडखळतील तेथें खूण करावी, मजकूर बदलावा, आणि पुन्हां दुसऱ्या नव्या माणसांपुढें ठेवावा, असें चक्र चाललें. अखेर जी पुस्तिका सिद्ध झाली तिचीं पानें मूळ व्यापारी पुस्तिकेच्या एक चतुर्थांशाहूनही कमी होतीं, आणि ती वापरणारे सुमारें ४० टक्के कमी वेळांत शिकले. ही सगळी हकीकत कॅरोल ह्यांनीं १९९० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली व ग्रंथाला न्यूरेंबर्गच्या नरसाळ्याचेंच नांव दिलें.

त्याच सुमारास अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट ह्या कंपनींत ह्याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूनें हात घातला गेला, आणि तेथें तर विषय ई-मेलचाच होता. मायकेल गुड, जॉन व्हाइटसाइड, डेनिस विक्सन आणि सँड्रा जोन्स ह्यांनीं आपला प्रयोग १९८४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं नवशिक्यांना पत्रव्यवहाराचीं कांहीं कामें नेमून दिलीं; परंतु पुस्तक दिलें नाहीं, आज्ञांची यादी दिली नाहीं, आणि मदतीचा शब्दही सांगितला नाहीं. तुम्हांला जशी सुचेल तशी आज्ञा यंत्राला लिहा, एवढेंच सांगणें. यंत्राला आज्ञा समजली नाहीं तर पडद्याआड बसलेला एक मनुष्य तिचा अर्थ लावून ती यंत्राला कळेल अशा रूपांत पुरवी. बसणाऱ्याला वाटे कीं यंत्रच उत्तर देत आहे. मग नवशिक्यांनीं लिहिलेल्या आज्ञा गोळा करून त्या समजतील अशी आज्ञावली सुधारावयाची, आणि पुन्हां नवीं माणसें बसवावयाचीं.

आरंभींच्या आज्ञावलीला नवशिक्यांनीं आपण होऊन लिहिलेल्या आज्ञांपैकीं फक्त ७ टक्के समजत होत्या. शेवटच्या आज्ञावलीला ७६ टक्के समजूं लागल्या. ह्या दोन आंकड्यांचा अर्थ वाचकांनीं नीट पाहावा. प्रयोगाच्या आरंभीं आणि शेवटीं माणसें सारखींच अडाणी होतीं. शहाणें झालें तें यंत्र. पहिल्या दिवशीं जे १०० पैकीं ९३ वेळां ‘चुकत’ होते, ते खरोखर चुकत नव्हतेच. अंगण वांकडें होतें, आणि तें सरळ करतां येत होतें!

एकानें पुस्तक बदललें, दुसऱ्यांनीं यंत्र बदललें. परंतु दोघांचीही रीत एकच: नवशिक्यास बसवावें, गप्प राहून पाहावें, आणि जें दिसलें त्यापुढें आपली विद्वत्ता बाजूस ठेवावी. ह्या दोन वाटा पुढें एकत्र आल्या. १९८९ सालीं सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत ‘पाइन’ नांवाच्या ई-मेलच्या आज्ञावलीचें काम सुरू झालें, तें मुख्यतः विद्यापीठाच्या कचेऱ्यांतील नवख्या कर्मचाऱ्यांसाठीं. पुस्तक न वाचतां, चांचपत चांचपत शिकतां यावें, हा तिच्या कर्त्यांनीं जाहीर केलेला हेतु होता. सोयी मोजक्या, आज्ञा एकेका अक्षराच्या, त्या क्षणीं कोणत्या आज्ञा चालतील हें पडद्याच्या तळच्या दोन ओळींत सदैव लिहिलेलें, आणि चूक पोटांत घालण्याची तयारी. पुस्तिका जणू तुकडे तुकडे होऊन पडद्यावर, जेथें हवी तेथें येऊन बसली. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. त्यानंतरच्या वर्षांत केवळ अक्षरें दाखविणारीं स्वस्त खातीं ज्यांनीं घेतलीं, त्यांपैकीं पुष्कळांनीं पहिलें ई-मेल लिहिलें तें ह्याच ‘पाइन’च्या तळच्या दोन ओळींकडे पाहत पाहत. सिअॅटलमधील कारकुनांसाठीं केलेली योजना मुंबईच्या विद्यार्थ्यांस उपयोगी पडली ती अशी.

येथें एका गैरसमजाचा परिहार करणें अवश्य आहे. कॅरोल ह्यांची पुस्तिका गाजतांच, पानें कमी करणें म्हणजेच सुधारणा, असें कित्येकांनीं ठरविलें. कागद वांचतो, वेळ वांचतो, आणि वर शास्त्राचा आधार! १९९६ सालीं नेदरलँडमधील हान्स व्हान डेर मेइज व कॅरोल ह्यांना अशा दहा गैरसमजांचें खंडन करणारा लेख लिहावा लागला. थोडक्यांत लिहिणें हा ह्या पद्धतीचा हेतु नव्हे. तो तिचा परिणाम आहे. काय गाळावें हें नवशिक्यास पाहिल्यावांचून कळत नाहीं, आणि न पाहतां गाळणें म्हणजे निव्वळ कंजूषपणा. इतकें मात्र खरें, कीं पाहण्यासाठीं माणसांचा मेळा जमवावा लागत नाहीं. शितावरून भाताची परीक्षा येथेंही होते. मोठे खडे पहिल्या चारपांच माणसांच्याच दांताखालीं येतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कॅरेन श्रायव्हर ह्या विदुषीनें आपल्या १९९७ सालच्या ग्रंथांत असें नमूद केलें आहे, कीं सूचना वाचून साधन चालविणारीं माणसें अडलीं म्हणजे पुष्कळदां दोष स्वतःलाच देतात. मजकूरच वाईट असेल ही शंका त्यांना येत नाहीं. म्हणून वाईट मार्गदर्शिकेविरुद्ध तक्रार क्वचितच होते. लेखकाला वाटतें सर्व ठीक आहे, आणि नवशिका ‘आपल्याला हें जमणारें नव्हे’ असें ठरवून मुकाट्यानें उठून जातो. ह्यावर श्रायव्हर ह्यांनींच दाखविलेला एक उपाय आहे. नवशिक्यांचे मोठ्यानें बोललेले विचार जसेच्या तसे उतरवून ते लेखकांकडून वाचवून घेतले, तर पुढें नवा मजकूर हातीं येतांच वाचक कोठें अडेल हें त्या लेखकांना अधिक चांगलें ओळखतां येतें. सहानुभूति ही केवळ स्वभावावर अवलंबून नसून शिकवितांही येते, हें आम्हांस ह्या शोधाचें सर्वांत मोठें फळ वाटतें.

हें सर्व आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें. तरी त्याची खरी प्रचीति आली ती घराजवळच. आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंचा मुलगा परदेशीं असतो. त्यास स्वतः पत्र लिहितां यावें ही त्यांची इच्छा. आम्हीं मोठ्या हौसेनें एका पानावर बारा सूचना मराठींत लिहून दिल्या आणि शेजारीं बसलों. ‘प्रति’ असें लिहिलेल्या चौकोनांत मजकूर भरा, ही आमची तिसरी सूचना. बाईंनीं सावकाश एकेक अक्षर शोधून तेथें लिहिलें: चि. अमुक यास अनेक आशीर्वाद. यंत्रानें तें नाकारलें. त्यांनीं पुन्हां तेंच, अधिक काळजीपूर्वक लिहिलें. यंत्रानें पुन्हां नाकारलें. त्यांनीं हात मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, “अहो, माझ्याच्यानें आतां हें होणें नाहीं.”

वास्तविक त्यांचें काय चुकलें होतें? साठ वर्षें त्या पत्रें लिहीत आल्या होत्या. ‘प्रति’ म्हटलें कीं मायना, हेंच शुद्ध मराठी वळण होय. मोलाची चूक आमची होती. इंग्रजी पडद्याचा मराठी शब्द आम्हीं उचलला, पण तो शब्द मराठी पत्रलेखकाच्या मनांत काय जागें करील हें पाहिलें नाहीं. दुसऱ्या मसुद्यांत आम्हीं तो चौकोनच टाळला. मुलास आधीं दोन ओळी पाठवावयास सांगितलें, आणि बाईंनीं नवें पत्र न लिहितां त्याच्या पत्राला उत्तर द्यावें अशी योजना केली. पत्ता आपोआप आला. १९७५ सालच्या व्हिटल ह्यांच्या त्या सोयीचा असा उपयोग झाला. पण तेवढ्यानें भागलें नाहीं. ‘पाठवा ही कळ दाबा’ असें आम्हीं लिहिलें होतें. बाई ती कळ कळफलकावर शोधीत राहिल्या, आणि ती होती पडद्यावर. तिसरा मसुदा पांच ओळींचा झाला. मायना त्यांनीं पत्राच्या आरंभीं, जेथें तो शोभतो तेथें, पूर्ण लिहिला.

ई-मेल आतां जुनें झालें. त्याच्या जागीं रोज नवीं साधनें येत आहेत, आणि बँक, दवाखाना, सरकारी अर्ज हीं सर्व त्या पडद्यांमागें गेलीं आहेत. पूर्वीं ज्यास ई-मेल जमलें नाहीं त्याचें एखादें पत्र राहत असे. आज ज्यास पडदा जमत नाहीं त्याचें निवृत्तिवेतनही अडूं शकतें. अशा वेळीं मराठींतील सूचना इंग्रजींतून उतरवून घेऊन, कोणा मराठी नवशिक्यापुढें एकदांही न ठेवतां छापणें, ही गोष्ट केवळ आळसाची राहत नाहीं. जो असा मजकूर लिहितो त्यानें छापण्यापूर्वीं एक दुपार खर्ची घालावी. ज्यास तें साधन ठाऊक नाहीं अशा एका मनुष्याशेजारीं बसावें, आणि तो अडला तरी तोंड उघडूं नये. आमचा अनुभव असा, कीं ह्यांत बसण्यापेक्षां गप्प राहणेंच फार कठीण जातें.